नेमके काय कळले नाही, ते आधी लिहा

प्रश्न : मी मूळचा जिंतूर तालुक्यातील असून सध्या परभणीला कृषिविद्या विषयात एम.एस्सी. करीत आहे. बारावीपर्यंतचे माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. सोयाबीनला गंधकाच्या वेगवेगळ्या मात्रा देऊन घेतलेल्या प्रयोगावर माझा थिसिस आहे. तक्ता ४.२ मध्ये टी-५ या ट्रीटमेंटचे, म्हणजे गंधकाच्या एका ठरावीक मात्रेचे, उत्पादन हेक्टरी २,१४० किलो आहे. पण गाइड सरांनी तपासून दिलेल्या मजकुरात त्यांच्या हाताने २,४१० असे लिहिलेले आहे. मी सरांना ई-मेल केला : 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम कन्फ्यूजिंग अबाउट टेबल ४.२. आय हॅव अ डाउट अबाउट युअर करेक्शन. प्लीज क्लिअर माय कन्फ्यूजन.' त्यावर 'नेमके काय विचारायचे आहे?' एवढेच उत्तर आले. पुढे चर्चेच्या प्रकरणात 'कन्फ्यूजिंग' हा शब्द फार वेळा आला, म्हणून मोबाइलवर समानार्थी शब्द शोधून 'परप्लेक्स्ड', 'बिविल्डर्ड', 'फ्लॅबरगास्टेड' असे शब्द घातले, तर त्या सगळ्यांभोवती लाल वर्तुळे होऊन प्रकरण परत आले. गोंधळ व्यक्त करणारा कोणता इंग्रजी शब्द कोठे वापरावा? थिसिसमधून 'कन्फ्यूज' हा शब्दच काढून टाकू का? आणि व्हायव्हाच्या (तोंडी परीक्षेच्या) वेळी प्रश्नच कळला नाही, तर काय म्हणावे?

उत्तर : तुमच्या मराठी पत्रातून तुमची अडचण मला पहिल्याच वाचनात कळली. कोणता तक्ता, कोणती ट्रीटमेंट, कोणते दोन आकडे, हे सारे तुम्ही दोन वाक्यांत मांडले आहे. सरांना पाठविलेल्या इंग्रजी ई-मेलमध्ये मात्र यांपैकी तक्त्याच्या क्रमांकाखेरीज काहीही नाही. तेथे आपण गोंधळलो आहोत हे तुम्ही तीन वेळा, तीन वेगवेगळ्या शब्दांत सांगितले, आणि गोंधळ कशाचा आहे हे एकदाही सांगितले नाही. म्हणून सरांनी विचारलेला प्रश्न रागाचा नसून अगदी रास्त आहे. 'कन्फ्यूजिंग'च्या जागी 'कन्फ्यूज्ड' लिहिले असते तर व्याकरण सुधारले असते, पण सरांचा प्रश्न तसाच राहिला असता.

चांगले इंग्रजी लिहिणारी माणसे 'कन्फ्यूज्ड' हा शब्द आपल्याला वाटतो त्यापेक्षा पुष्कळ कमी वापरतात. स्वतःच्या मनाची अवस्था सांगण्याऐवजी न जुळणारी गोष्ट ती वाचणाऱ्यासमोर ठेवतात. तुमचा ई-मेल असा लिहिता आला असता : 'इन टेबल ४.२ द यील्ड अंडर टी-५ इज २,१४० केजी पर हेक्टर, बट द करेक्टेड टेक्स्ट गिव्ह्ज इट ॲज २,४१०. माय फील्ड बुक सपोर्ट्स द फर्स्ट फिगर. मे आय कीप २,१४०, ऑर हॅव आय मिस्ड समथिंग?' या तीन वाक्यांत गोंधळाचा एकही शब्द नाही, तरीही वाचणाऱ्याला पेच पूर्ण कळतो आणि त्याला उत्तर एका शब्दात देता येते. अर्थात दुसरे वाक्य लिहिण्यापूर्वी काढणीच्या वेळची नोंदवही उघडून, नेट प्लॉटच्या (कडेच्या ओळी सोडून उरलेल्या भागाच्या) वजनावरून हेक्टरी उत्पादन पुन्हा काढून पाहावे लागेल. ते काम ई-मेलच्या आधीचे आहे, आणि बऱ्याचदा ते करता करताच ई-मेल पाठविण्याची गरज संपते.

आता ज्या ठिकाणी गोंधळाचा शब्द खरोखरच लागतो, तेथील गोष्टी पाहू. 'कन्फ्यूज्ड' म्हणजे ज्याचा गोंधळ झाला तो, आणि 'कन्फ्यूजिंग' म्हणजे ज्याच्यामुळे गोंधळ झाला ते. 'आय ॲम कन्फ्यूजिंग' याचा अर्थ 'मी इतरांना गोंधळात टाकणारा माणूस आहे' असा होतो. 'पझल्ड' आणि 'पझलिंग', 'बॅफल्ड' आणि 'बॅफलिंग' या जोड्यांनाही हाच नियम लागू पडतो. आपण 'मी गोंधळतोय' असे चालू काळात बोलतो, त्यामुळे 'आय ॲम' म्हटल्यावर पुढे 'इंग' आपोआप येते. चूक तेथून शिरते. 'मला समजत नाहीये' याचे 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग' होते तेही याच वाटेने. लेखी इंग्रजीत 'आय डू नॉट अंडरस्टँड' असाच साधा काळ ठेवावा. 'आय कुड नॉट एबल टू अंडरस्टँड' ही रचनाही आपल्याकडील पत्रांत फार दिसते. तेथे 'आय कुड नॉट अंडरस्टँड' किंवा 'आय वॉज नॉट एबल टू अंडरस्टँड' यांपैकी एकच घ्यावे.

'कन्फ्यूजन' हे नाम इंग्रजीत सहसा मोजले जात नाही. त्यामुळे 'आय हॅव वन कन्फ्यूजन' किंवा 'माय कन्फ्यूजन्स' असे लिहू नये. 'देअर इज सम कन्फ्यूजन अबाउट द डेट ऑफ सोइंग', 'टू अव्हॉइड कन्फ्यूजन', 'धिस हॅज कॉज्ड अ लॉट ऑफ कन्फ्यूजन' ही त्याची नेहमीची घरे आहेत. त्यातही 'देअर इज सम कन्फ्यूजन' हे वाक्य कार्यालयीन पत्रव्यवहारात फार उपयोगाचे आहे, कारण त्यात दोष कोणाचाच ठरत नाही.

'डाउट'विषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण तुमच्या ई-मेलमधील खरा धोका त्या वाक्यात आहे. आपण वर्गात 'शंका विचारतो'. तेथे शंका म्हणजे न कळलेला मुद्दा. आणि 'शंका घेतो' तेव्हा तीच शंका अविश्वासाची होते. इंग्रजीतील 'डाउट' मात्र या दुसऱ्या अर्थाकडे झुकलेला आहे. 'आय डाउट इट' म्हणजे 'मला ते खरे वाटत नाही'. भारतात 'आय हॅव अ डाउट' हे 'मला काही विचारायचे आहे' या अर्थाने सर्वत्र चालते आणि कोणालाही खटकत नाही; वर्गात तसे बोलल्याने काही बिघडते असे मी मानत नाही. पण 'आय हॅव अ डाउट अबाउट युअर करेक्शन' असे लेखी वाक्य भारताबाहेरच्या संपादकाने वाचले, तर 'तुमची दुरुस्ती मला चुकीची वाटते' असा अर्थ तो घेईल. तुमच्या बाबतीत योगायोगाने दुरुस्ती चुकलेली असण्याचीही शक्यता आहे, म्हणून हे वाक्य अधिकच टोचणारे ठरते. लेखी इंग्रजीत 'आय हॅव अ क्वेश्चन अबाउट' किंवा 'आय हॅव अ क्वेरी रिगार्डिंग' अशी सवय आतापासून लावून घ्यावी. 'प्लीज क्लिअर माय डाउट' ऐवजी 'कुड यू प्लीज क्लॅरिफाय' आणि पुढे लगेच मुद्दा, ही रचना निर्धोक आहे.

गाइडना त्यांच्याच हातून झालेली चूक दाखवावी कशी, हा प्रश्न तुम्ही उघड विचारलेला नाही, पण तो तुमच्या मनात आहे असे मला पत्रावरून वाटते. 'युअर करेक्शन इज कन्फ्यूजिंग' हे वाक्य व्याकरणाने निर्दोष असूनही लिहू नये, कारण त्यात ठपका सरळ समोरच्या माणसावर जातो. इंग्रजीत आदर दाखविण्यासाठी 'रिस्पेक्टेड सर' या संबोधनापेक्षा वाक्याची मांडणी अधिक काम करते. 'आय वॉज नॉट शुअर हाऊ टू रीड युअर नोट बिसाइड टेबल ४.२', 'आय मे हॅव मिसरेड धिस, बट', 'इट इज नॉट क्लिअर टू मी व्हेदर' अशा सुरुवातींत न कळण्याची जबाबदारी लिहिणारा स्वतःकडे घेतो आणि समोरच्याला आपली चूक सहज दुरुस्त करण्याची जागा मिळते. मराठीत आपण 'माझ्या लक्षात आले नसेल, पण' असे म्हणतो, त्यातला भाव हाच आहे.

आता ज्या चुकीकडे मी तुमचे सर्वांत अधिक लक्ष वेधू इच्छितो, तिच्याकडे वळतो. न कळल्याचे वाक्य इंग्रजीत बहुतेक वेळा पोटात एक प्रश्न घेऊन येते : का कळले नाही, कसे झाले कळले नाही, कोणते खरे ते कळले नाही. हा पोटातला प्रश्न सुटा प्रश्न नसतो, त्यामुळे त्यातील क्रियापदाने आपली जागा बदलायची नसते. 'आय डू नॉट अंडरस्टँड व्हाय डिड द यील्ड फॉल' हे चूक आणि 'व्हाय द यील्ड फेल' हे बरोबर. 'प्लीज टेल मी व्हॉट इज द करेक्ट फिगर' असे बोलण्यात खपून जाते, परंतु थिसिसमध्ये 'व्हॉट द करेक्ट फिगर इज' किंवा त्याहून सोपे 'विच फिगर इज करेक्ट' असे लिहावे. 'विच'च्या वाक्यात शब्दांची जागा बदललेली दिसत नाही, कारण तेथे 'विच फिगर' हाच कर्ता आहे. आपल्याकडील मुले प्रश्नार्थक वाक्ये शाळेत इतकी घोटून घेतात की 'व्हाय' किंवा 'हाऊ' दिसताच 'डिड' आणि 'इज' पुढे धावत येतात. तुमच्या चर्चेच्या प्रकरणाची प्रत घेऊन 'व्हाय', 'हाऊ', 'व्हॉट' आणि 'व्हेन' जेथे जेथे वाक्याच्या मध्यभागी आले आहेत, तेथे पुढचे दोन शब्द तपासा. माझा अंदाज असा आहे की लाल शाईचा बराच भाग समानार्थी शब्दांपेक्षा याच ठिकाणी खर्च झालेला असेल.

शब्दयोगी अव्ययांचे काम तुलनेने सोपे आहे. विषय सांगायचा असेल तर 'कन्फ्यूज्ड अबाउट', कारण सांगायचे असेल तर 'कन्फ्यूज्ड बाय', आणि एका वस्तूला दुसरी समजण्याची चूक सांगायची असेल तर 'कन्फ्यूज्ड विथ'. यातील तिसरा प्रयोग कृषिविषयक लेखनात अतिशय मोलाचा आहे आणि तेथे हा शब्द काढून टाकण्याचे कारणच नाही. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत सोयाबीनची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण असते. नत्राची कमतरता असेल तर पिवळेपणा आधी खालच्या, जुन्या पानांवर येतो आणि पान सारखेच फिकट होते. शेतात उभा असलेला माणूस या दोहोंत गल्लत करून युरिया टाकून मोकळा होतो. हे तुम्हाला लिहायचे असेल तर 'आयर्न डेफिशियन्सी इज ऑफन कन्फ्यूज्ड विथ नायट्रोजन डेफिशियन्सी' यापेक्षा चांगले वाक्य नाही. गल्लत या अर्थाचा 'कन्फ्यूज' थिसिसमध्ये अवश्य राहू द्या. लेखकाच्या मनाची अवस्था सांगणारा 'कन्फ्यूज्ड' काढा.

मोबाइलवरून घेतलेल्या शब्दांना लाल वर्तुळे का पडली, याचेही उत्तर येथेच आहे. मराठीत आपल्याजवळ गोंधळासाठी केवढे शब्द आहेत ते पाहा, आणि ते आपण कधी चुकीच्या जागी वापरत नाही. कोडे सुटेना म्हणून माणूस बुचकळ्यात पडतो; तो 'पझल्ड' असतो, म्हणजे त्याचे डोके उत्तर शोधत असते. सगळे प्रयत्न करूनही धागा सापडत नाही तेव्हा तो चक्रावतो; तेथे 'बॅफल्ड' शोभतो. परभणीच्या मोंढ्यात सौदा चालू असताना पहिल्यांदाच माल घेऊन आलेला पोरगा चहूबाजूंच्या आवाजाने भांबावतो. त्याला 'बिविल्डर्ड' म्हणावे, कारण एकाच वेळी फार गोष्टी अंगावर आल्याने त्याला दिशा सुचत नाही. 'परप्लेक्स्ड'मध्ये बुचकळ्यात पडण्याबरोबर थोडी चिंता असते आणि शब्द जरा औपचारिक आहे. गांगरण्यासाठी 'फ्लस्टर्ड' आहे. दोन्ही वाटा स्वच्छ दिसत असूनही कोणती धरावी हे ठरत नाही तेव्हा तो गोंधळ नसून पेच असतो. इंग्रजीत माणूस तेव्हा 'इन अ डिलेमा' असतो, आणि त्यातला 'अ' गाळायचा नसतो. 'फ्लॅबरगास्टेड' तर गोंधळाचा शब्दच नव्हे; तो थक्क होण्याचा आहे आणि तोही बोलण्यातला. 'नॉनप्लस्ड' तुमच्या यादीत नाही हे बरे झाले, कारण ब्रिटनमध्ये त्याचा अर्थ 'काय करावे ते न सुचलेला' असा असला तरी अमेरिकेत अनेक जण तो 'अविचल' या जवळजवळ उलट अर्थाने वापरतात. लेखनात त्याच्या वाटेला जाऊच नये.

हे सगळे शब्द माणसाच्या मनाचे आहेत. गंधकाच्या मात्रा आणि सोयाबीनचे उत्पादन यांची चर्चा करणाऱ्या प्रकरणात लेखकाच्या मनाला फारशी जागा नसते. तेथे मजकुराचे आणि आकड्यांचे गुणदोष सांगणारे शब्द लागतात, आणि त्यांची माहिती आपल्या विद्यार्थ्यांना फारच कमी असते. एखाद्या वाक्याचे दोन अर्थ निघत असतील तर ते 'ॲम्बिग्युअस'. 'टी-३ अँड टी-४ रिसीव्ह्ड टू बॅग्ज' असे लिहिले की दोघांना मिळून दोन गोण्या की प्रत्येकाला दोन, हे वाचणाऱ्याला सांगता येत नाही. अर्थ एकच पण मोघम असेल तर 'व्हेग'. 'सफिशियंट सल्फर वॉज अप्लाइड' म्हणजे किती, ते कोणालाच कळत नाही. दोन विधाने एकमेकांशी जुळत नसतील तर ती 'इनकन्सिस्टंट'. दोन आकड्यांत तफावत असेल तर 'डिस्क्रेपन्सी', आणि तुमच्या २,१४० व २,४१० यांच्यासाठी हाच शब्द आहे : 'देअर इज अ डिस्क्रेपन्सी बिट्वीन द टेबल अँड द टेक्स्ट'. 'कन्फ्यूजिंग' या एका शब्दाखाली आपण हे चारही दोष झाकून टाकतो, आणि मग दुरुस्त करणाऱ्याला कोणता दोष दूर करायचा ते समजत नाही.

तुमच्या चर्चेच्या प्रकरणातील एक वाक्य तुम्ही पत्रासोबत पाठविले आहे : 'द रिझल्ट ऑफ टी-५ इज व्हेरी कन्फ्यूजिंग बिकॉज इट इज लेस दॅन टी-४.' टी-४ चे उत्पादन तुम्ही २,२९० किलो दिले आहे. आता नीट पाहा. टी-५ जर २,१४० असेल तर गंधकाची मात्रा वाढवूनही उत्पादन घटले आहे. आणि २,४१० असेल तर ते वाढले आहे. म्हणजे ज्या निकालाला तुम्ही गोंधळात टाकणारा म्हणता आहात, तो निकाल तक्त्यातील दोन अंकांच्या अदलाबदलीवर अवलंबून आहे. सरांनी लिहिलेला २,४१० हा केवळ हात घसरल्याने आला, की तुमच्याकडून तक्ता टाइप करताना अंक फिरले, हे ठरल्याशिवाय त्या परिच्छेदात कोणताच विशेषणवाचक शब्द घालता येणार नाही. यासाठीच मी सुरुवातीपासून म्हणतो आहे की आधी न जुळणारी गोष्ट लिहून काढा; शब्दाची निवड त्यानंतर करायची आहे.

समजा नोंदवहीने २,१४० हाच आकडा खरा ठरविला. तरीही पुढे सी.डी. (क्रिटिकल डिफरन्स, म्हणजे दोन ट्रीटमेंटमधील फरक खरा मानण्यासाठी लागणारे किमान अंतर) पाहावी लागेल. टी-४ आणि टी-५ यांतील १५० किलोंचा फरक सी.डी.पेक्षा कमी असेल तर त्या दोन्ही ट्रीटमेंट 'ॲट पार', म्हणजे संख्याशास्त्राच्या दृष्टीने बरोबरीच्या, आहेत आणि तेथे चकित होण्यासारखे काही नाही. 'टी-५ वॉज ॲट पार विथ टी-४' एवढे लिहून पुढे जावे. फरक सी.डी.पेक्षा जास्त असेल तर मात्र वाचकाला कारणाची अपेक्षा असते, आणि कारण ठाऊक नसेल तर तसे प्रामाणिकपणे सांगण्याच्या रूढ रचना इंग्रजीत आहेत : 'कॉन्ट्रॅरी टू एक्स्पेक्टेशन, द यील्ड डिक्लाइन्ड ॲट द हायेस्ट लेव्हल ऑफ सल्फर'; 'द रीझन फॉर धिस डिक्लाइन इज नॉट क्लिअर'; 'धिस फाइंडिंग इज डिफिकल्ट टू रिकन्साइल विथ अर्लिअर रिपोर्ट्स'; 'इट रिमेन्स अनक्लिअर व्हेदर'. यांतले 'अनक्लिअर' आणि 'डिफिकल्ट टू रिकन्साइल' हे शब्द निकालाविषयी बोलतात, लेखकाविषयी नाही, म्हणून ते शास्त्रीय लेखनात शोभतात. 'व्हेरी कन्फ्यूजिंग' म्हणणारा लेखक आपली असहायता कबूल करतो. 'नॉट क्लिअर' म्हणणारा लेखक पुढच्या संशोधकाला कामाची जागा दाखवून देतो.

तुमच्या विषयात एका शब्दाबद्दल विशेष जपावे लागेल, तो म्हणजे 'कन्फाउंडेड'. मोबाइलच्या यादीत तो गोंधळलेल्याचा समानार्थी म्हणून दिसतो. परंतु प्रयोगांच्या आखणीत त्याला निश्चित तांत्रिक अर्थ आहे. १९१९ ते १९३३ या काळात इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील शेतीसंशोधन केंद्रात काम करणाऱ्या रोनाल्ड फिशर यांनी क्षेत्रीय प्रयोगांच्या आखणीचा पाया घातला, आणि त्या परंपरेत दोन घटकांचे परिणाम एकमेकांत असे मिसळणे की ते वेगळे काढताच येऊ नयेत, याला 'कन्फाउंडिंग' म्हणतात. तुमचे जास्त मात्रेचे सगळे प्लॉट शेताच्या उतरत्या, पाणी साचणाऱ्या बाजूलाच आले असते, तर उत्पादनातील घट गंधकामुळे की साचलेल्या पाण्यामुळे, हे सांगता आले नसते. मात्रेचा परिणाम आणि पाण्याचा परिणाम 'कन्फाउंडेड' झाले असते. आर.बी.डी. (रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन) या आखणीत प्रत्येक ब्लॉकमध्ये, म्हणजे शेताच्या एकसारख्या पट्ट्यात, सर्व ट्रीटमेंट यदृच्छेने मांडतात ते हेच टाळण्यासाठी. तेव्हा केवळ 'कन्फ्यूजिंग' पुन्हा पुन्हा नको म्हणून 'द रिझल्ट्स आर कन्फाउंडेड' असे लिहिलेत, तर आपल्या प्रयोगाची आखणीच सदोष होती असा कबुलीजबाब तुम्ही स्वतःच्या सहीनिशी द्याल.

मग शब्द शोधावेत कोठे? समानार्थी शब्दांची यादी सर्वांत शेवटी उघडावी, कारण ती शब्दाची संगत सांगत नाही. शब्द त्याच्या सोबत्यांवरून ओळखावा हा विचार लंडनचे भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५० च्या दशकात ठामपणे मांडला. त्यापूर्वी ते लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते. 'स्लाइटली कन्फ्यूज्ड' म्हणतात, 'कम्प्लीटली बॅफल्ड' म्हणतात, 'अटरली बिविल्डर्ड' म्हणतात. 'स्लाइटली बॅफल्ड' कानाला विचित्र लागते, कारण चक्रावणे हे थोडेसे नसते. अशी संगत दाखविणारे शब्दकोश मातृभाषा इंग्रजी नसलेल्यांसाठी मुद्दाम तयार झालेले आहेत. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवीत असताना सहकाऱ्यांसह असा एक कोश तयार केला, तो १९४२ मध्ये टोकियोत प्रसिद्ध झाला, आणि आजचे 'लर्नर्स' कोश त्याच वाटेने आले आहेत. त्यांच्या आवृत्त्या मोबाइलवर विनामूल्य पाहता येतात. तेथे शब्दाचा अर्थ वाचून थांबू नये. खालची उदाहरणे वाचावीत, कोणते अव्यय लागले ते पाहावे आणि एक वाक्य आपल्या विषयातील शब्द घालून वहीत लिहावे. त्याहूनही उपयोगी असा दुसरा मार्ग म्हणजे सोयाबीनवरील दोन-तीन चांगले शोधनिबंध घेऊन, लेखकाने 'हे का झाले ते सांगता येत नाही' असे जेथे जेथे मान्य केले आहे, ती वाक्ये अधोरेखित करावीत. तुमच्या थिसिसला हवी असलेली जवळजवळ सर्व वाक्ये तेथे मिळतील.

मराठी माध्यमाचा उल्लेख तुम्ही काहीशा संकोचाने केला आहे, म्हणून एवढे सांगतो. मराठवाड्यात १९४८ पूर्वी वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून होत असे. घरात मराठी, शाळेत उर्दू आणि पुढे इंग्रजी असा प्रवास करून आपल्याकडच्या एका संपूर्ण पिढीने शेती, वकिली आणि वैद्यकी केली. दुसऱ्या भाषेत लिहिताना अडखळणे या भागाला नवे नाही. तुम्हाला आपली अडचण मराठीत अचूक मांडता येते, ही तुमची मोठी जमेची बाजू आहे. इंग्रजी ई-मेल लिहिण्यापूर्वी तोच मजकूर आधी तीन-चार मराठी वाक्यांत लिहा, पण त्याचे शब्दशः भाषांतर करू नका. त्यातून फक्त मुद्दे घ्या : कोठे, काय, कशाशी जुळत नाही, आणि मला काय हवे आहे.

राहिला व्हायव्हाचा प्रश्न. बाहेरून आलेल्या परीक्षकांचा प्रश्न कळला नाही तर 'आय ॲम कन्फ्यूज्ड' म्हणू नये, कारण विषयच समजला नाही असा त्याचा अर्थ होऊ शकतो. गप्प राहणे त्याहून वाईट. प्रश्न ऐकूच आला नसेल तर 'कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन, सर?' म्हणावे. ऐकू आला पण अर्धाच समजला असेल तर जेवढा समजला तेवढा स्वतःच्या शब्दांत परत सांगावा : 'सर, आर यू आस्किंग व्हाय टी-५ यील्डेड लेस दॅन टी-४, ऑर व्हाय आय चोज दॅट डोस?' यामुळे परीक्षकांना तुमची अडचण नेमकी कळते आणि तुम्हाला विचार करायला थोडा वेळ मिळतो. आणि प्रश्न पूर्ण समजूनही उत्तर ठाऊक नसेल, तर 'आय डू नॉट नो द रीझन, सर. अवर डेटा डू नॉट शो इट' असे सरळ सांगावे. हे वाक्य मात्र तोंडाने म्हणून पाहा, कारण 'आय ॲम नॉट नोइंग' हे घाईच्या वेळी जिभेवर आधी येते.